डिमेलो रोडची भिंत

मध्यंतरी चेंबूरहून बॅलार्ड इस्टेटला जायचं होतं. भाचा गाडी चालवत होता आणि त्याने ईस्टर्न फ्रीवे धरला. २०१३ मध्ये हा रस्ता सुरू झाला तेव्हा लोकांना कौतुक होतं ते चेंबूर ते फोर्ट वीस मिनिटांत गाठण्याचं. मला मात्र त्याचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी आहे. ज्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते सामान्य मुंबईकराला आयुष्यभर दिसत नसे, ते या रस्त्याने वर उचलून दाखवलं. डावीकडे पत्र्याची छपरं, गवतात बुडालेले रूळ, खिडक्या फुटलेली दगडी गोदामं, मध्येच कोळशासारखं काळं मैदान, आणि त्यापलीकडे समुद्र. भाचा म्हणाला, "मामा, एवढी जागा रिकामी? मुंबईत? कोणाची आहे ही?"

मी म्हटलं, "पोर्ट ट्रस्टची."

"म्हणजे कोणाची?"

आता याचं उत्तर बॅलार्ड इस्टेट येईपर्यंत देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हा लेख. :-)

घरातल्यांना माहीतच आहे की बाबा गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारी पेटी न पेटी मोजायची, खुणा जुळवायच्या, फुटलेल्या-भिजलेल्याची वेगळी नोंद करायची, असं काम. आमच्या लहानपणी पी. डिमेलो रोडची ती लांबच लांब भिंत आणि तिच्यातली रंगांच्या नावांची फाटकं (ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, यलो गेट, ऑरेंज गेट) हे आम्हाला फार गमतीचं वाटायचं. ग्रीन गेट हिरवं का नाही, असं मी एकदा विचारल्याचं आठवतं. आत जायला पास लागे. मुंबई समुद्रावरचं शहर असं आपण म्हणतो, पण आपला समुद्र म्हणजे गिरगाव चौपाटी, वरळी, जुहू. म्हणजे पश्चिमेचा, हवा खायचा समुद्र. ज्या समुद्राने हे शहर पोसलं तो पूर्वेचा, आणि तो भिंतीआड.

तर मुळापासून.

मुंबईला निसर्गाने उत्तम बंदर दिलं म्हणून मुंबई मोठी झाली, असं शाळेत शिकवतात. हे अर्धंच खरं आहे. बंदर म्हणजे नुसतं खोल आणि शांत पाणी असेल, तर ते पोर्तुगीजांच्या काळीही होतंच. इंग्रजांना १६६१ च्या लग्नाच्या करारात बेटं मिळाली, १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली, तरीही पुढची कितीतरी वर्षं खरा व्यापार सुरतेलाच होता. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून जहाजं बांधायला इथे आले, १७५० मध्ये सुकी गोदी झाली, पण ती जहाजं बांधायची, दुरुस्तीची. व्यापारी जहाजं मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खाडीत मध्येच नांगर टाकून उभी राहत. तिथून माल मचव्यांत आणि पडावांत उतरवायचा, ते वल्हवत किनाऱ्याला आणायचे, ओहोटी असेल तर चिखलातून हमालांनी पाठीवर वाहायचा. किनाऱ्याला निरनिराळे बंदर आणि धक्के होते, त्यातले काही खाजगी. आपला भाऊचा धक्का हा त्यातलाच. भाऊ म्हणजे भाऊ अजिंक्य. कोकणात जाणाऱ्या किती पिढ्यांनी त्यांचं नाव घेतलं असेल, पण हा भाऊ कोण हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

थोडक्यात, समुद्र देवाचा असला तरी धक्का कोणाचा, हा प्रश्न पहिल्यापासून होता. जहाजाला माल उतरवायचा तर कुठेतरी टेकावंच लागतं. आणि जिथे टेकावं लागतं, तिथे बसलेला माणूस पैसे मागतो!

हे एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीच्या बरोबर लक्षात आलं. नावातला 'प्रेस' हा कापसाच्या गासड्या दाबायचा. बोरीबंदराच्या बाजूला मोदी बे नावाचा उथळ समुद्र होता. रेल्वेला जागा हवी होती, सरकारला खर्च नको होता. कंपनीने रेल्वेसाठी समुद्र भरून द्यायचा, आणि त्या बदल्यात स्वतःसाठीही भरून घ्यायचा, असा तो सौदा. आज आपण ज्याला मोठ्या रुबाबात पब्लिक-प्रायव्हेट पार्टनरशिप म्हणतो, ते दीडशे वर्षांपूर्वी बोरीबंदरला होऊन गेलं आहे.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला जायचा बंद झाला आणि मुंबईला वेड लागलं. प्रेमचंद रायचंद, बॅक बेचे शेअर, रोज नवी बँक, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे, ती परत सांगत नाही. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती, ती १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. पावणेदोन लाख माणसं आठ वर्षांत उठून गेली (काही मेलीही असतील). शहर एवढं आक्रसलेलं आपल्यापैकी कोणी पाहिलेलं नाही.

पण त्या वेडाच्या काळात समुद्रात टाकलेले दगड आणि माती काही परत गेली नाही. कंपन्या बुडाल्या, भराव राहिला. आणि १७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा उघडला! त्याआधी १८६३ मध्ये भोर घाट आणि १८६५ मध्ये थळ घाट ओलांडून रेल्वे वर देशावर पोहोचली होती. म्हणजे मागे वऱ्हाड-खानदेशचा कापूस, पुढे युरोप, आणि मधला धक्का एका खाजगी कंपनीच्या हातात. तिने मनात आणलं असतं तर साऱ्या पश्चिम हिंदुस्थानच्या व्यापाराची मान तिच्या मुठीत होती. व्यापाऱ्यांनाच याची भीती वाटली. खाजगी उद्योगाचे गोडवे गाणारे हे लोक, पण धक्का एकाच्या हातात नको यावर त्यांचं एकमत झालं. १८७० मध्ये सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली, आणि १८७३ च्या जूनमध्ये ती एका विश्वस्त मंडळाच्या हवाली केली. हेच बॉम्बे पोर्ट ट्रस्ट. पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड.

इथे जरा थांबतो, कारण मला यातली खरी गोष्ट इथेच दिसते. १८७२ मध्ये मुंबईच्या म्युनिसिपालिटीचा नवा कायदा झाला. त्यात पहिल्यांदाच अर्धे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. फिरोजशहा मेहता वगैरे मंडळींची कारकीर्द त्यातूनच उभी राहिली. आणि लगेच पुढच्या वर्षी पोर्ट ट्रस्ट. एक वर्षाच्या अंतराने जन्मलेली ही दोन भावंडं, पण एकाला शहराला विचारून चालायचं होतं आणि दुसऱ्याला नाही. पोर्ट ट्रस्टवर सरकारी अधिकारी आणि व्यापारी, आणि व्यापाऱ्यांतही बराच काळ गोऱ्यांचा वरचष्मा. गिरगावातल्या घरमालकाला तिथे मत नव्हतं, मांडवीतल्या हमालाचा तर प्रश्नच नाही.

आणि तरीही (हे मान्य करायला जड जातं, पण करायला हवं) त्या मंडळाने काम जबरदस्त केलं. त्याचं कारणही त्याच रचनेत आहे. ट्रस्टला स्वतःचं उत्पन्न होतं, धक्क्याची फी आणि जमिनीचं भाडं. ते सरकारी तिजोरीत न जाता बंदरावरच खर्च व्हायचं, आणि त्याच्या जोरावर कर्ज काढता यायचं. दर वर्षी कोणापुढे हात पसरायची गरज नाही. सुरुवातीला खाजगी गोद्यांशी स्पर्धा होती. कुलाब्याला अल्बर्ट ससून यांनी १८७५ मध्ये बांधलेली गोदी ट्रस्टने १८७९ मध्ये विकत घेऊन टाकली. (होय, तीच ससून डॉक, जिथे आपण भल्या पहाटे सुरमई आणायला जातो.) १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक म्हणजे आताची इंदिरा गोदी.

गोदी म्हणजे काय हे भाच्याला सांगावं लागलं, तर इथेही सांगतो. मुंबईत भरती-ओहोटीला पाणी चांगलं चार-साडेचार मीटर वरखाली होतं. धक्क्याला लागलेलं जहाज त्यासोबत वरखाली होणार, ओहोटीला चिखलात बसणार. म्हणून मोठा हौद खणायचा, त्याला दरवाजे लावायचे, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि दारं लावून पाणी कोंडून धरायचं. जहाज स्थिर, क्रेन स्थिर, हिशोब सोपा. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली झाडांचे बुंधे सापडले. समुद्राच्या तळाखाली अख्खं जंगल! जमीन कधी काळी खाली गेली असणार. बाबा हे फार रंगवून सांगायचे, आणि मी मोठा होईपर्यंत ही थाप आहे असंच समजत होतो.

अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेली माती कुठे टाकायची? तर शेजारच्या समुद्रात. त्यातून सुमारे बावीस एकर जमीन झाली आणि तिच्यावर जॉर्ज विटेटच्या हातून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. गेटवे ऑफ इंडियावाला विटेट तो हाच. तिथले रस्ते, एका उंचीच्या इमारती, सावलीचे पदपथ बघितले की विलायतेत आल्यासारखं वाटतं, पण मुळात तो गोदीचा राडारोडा आहे. उत्तरेला माझगाव ते शिवडी समुद्र हटवून पाचशेहून अधिक एकर जमीन काढली. कुलाब्याचा कापूस बाजार उचलून १९२० च्या दशकात तिथे नेला. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन स्टेशन लागतं ना, ते त्याचं नाव. हिरवं तिथे काही नाही, कापूसही राहिलेला नाही. रेल्वेही स्वतःची. बॅलार्ड पिअरला बोटीतून उतरलेला साहेब तिथेच गाडीत बसून थेट पेशावरकडे निघायचा, मुंबई शहरात पाऊलही न टाकता.

शहराने काय मिळवलं? गिरण्या, दलाल, विमा, बँका, गोदामं, आगबोट कंपन्या, आणि या सगळ्यांत नोकरीला येणारी आपली माणसं. रत्नागिरी, सातारा, पुढे तेलंगण, केरळ, उत्तर प्रदेश. आमचे पणजोबा आले तेही गोदीत, हमाल म्हणून. तेव्हा टोळीवाले असत. माणसं पुरवायचं कंत्राट त्यांचं. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाहीतर घरी. जहाज आलं तर चूल, नाही आलं तर नाही. ज्या ट्रस्टकडे समुद्र मागे ढकलायची ताकद होती, त्याला माणसाची रोजची हजेरी लावणं पाऊणशे वर्षं जमलं नाही. हे मला ट्रस्टच्या सगळ्या अभिमानास्पद इतिहासात खटकतं. विश्वस्त मंडळात ज्याचं कोणी नव्हतं, त्याचा विषयच तिथे निघाला नाही, इतकं ते साधं आहे.

१४ एप्रिल १९४४ चा स्फोट सगळ्यांना माहीत आहे. फोर्ट स्टिकीन, दारूगोळा आणि त्याच जहाजात कापूस. सहासष्ट अग्निशामक जवान गेले. मेलेल्या गोदी कामगारांचा नक्की आकडा मात्र कोणी लावू शकलं नाही, कारण त्या दिवशी आत कोण होतं याची नोंदच धड नव्हती. वर म्हटलेल्या फाटकावरच्या पद्धतीचा हा परिणाम.

स्वातंत्र्यानंतर हे बदललं, आणि आपोआप नाही बदललं. १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या नोकरीचं नियमन करणारा कायदा झाला, १९५१ मध्ये मुंबईला डॉक लेबर बोर्डाची योजना लागू झाली. काम असो-नसो, हजेरी लावलेल्याला किमान काही मिळू लागलं. यामागे युनियनच्या लढ्यांची वर्षं होती. ज्यांचं नाव त्या भिंतीच्या रस्त्याला आहे ते प्लासिड डिमेलो १९५८ मध्ये गेले. मंगळूरकडून आलेला एक पोरगेला तरुण त्यांच्याच हाताखाली तयार झाला, तो म्हणजे जॉर्ज फर्नांडिस. फ्रिअर नावाच्या गव्हर्नरचं नाव काढून गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव रस्त्याला दिलं, असं जगात फार ठिकाणी झालं नसेल. बाबा याचा उल्लेख अगदी आवर्जून करत.

मग कंटेनर आला. बाबांच्या बोलण्यात तो एखाद्या रोगासारखा यायचा. त्यांचं सगळं कसब पेट्या मोजण्यात, आणि आता सगळ्या पेट्या एका मोठ्या पेटीत, सीलबंद. मोजायचं काय? शंभर माणसांचं आठ दिवसांचं काम क्रेन काही तासांत करू लागली. आणि कंटेनरला तीन गोष्टी लागतात: खोल पाणी, मागे मोकळं मैदान आणि रस्ता-रेल्वे. दरवाजाच्या गोदीत पहिलं नव्हतं. मैदान होतं, पण ते भाडेपट्ट्यांनी आणि गोदामांनी अडलेलं. आणि ट्रक बाहेर पडणार ते मशीद बंदरच्या गर्दीत.

म्हणून खाडीपलीकडे न्हावा शेवा. १९८९ च्या मे महिन्यात जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं, १९९७ मध्ये तिथे देशातल्या पहिल्या खाजगी कंटेनर टर्मिनलचा करार झाला आणि २००० नंतरच्या दशकात देशातल्या मोठ्या बंदरांच्या कंटेनर वाहतुकीतली निम्म्याहून अधिक एकट्या तिथे होऊ लागली. कारभाराची तऱ्हा बघा कशी फिरली. १८७० मध्ये व्यापाऱ्यांना खाजगी धक्का नको झाला म्हणून सरकार आलं. सव्वाशे वर्षांनी सरकारी धक्का नको झाला म्हणून खाजगी कंपनी. फरक इतकाच की या वेळी जमीन सरकारी बंदराची राहिली आणि टर्मिनलं पुढे एकाहून अधिक झाली, म्हणजे मान एकाच मुठीत गेली नाही. एल्फिन्स्टन कंपनीचा धडा कोणीतरी वाचला असावा.

पण न्हावा शेव्याची जमीन या वेळी समुद्रातून नव्हे तर उरणच्या शेतकऱ्यांच्या आणि मिठागरवाल्यांच्या हातातून आली. नवी मुंबई आणि बंदरासाठीच्या संपादनाच्या भावाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व त्यातून आलं. आपण मुंबईकर पेट्रोलचा आणि पामतेलाचा भाव काढतो, पण या पाच जणांची नावं आपल्याला येत नाहीत. मलाही परवापर्यंत येत नव्हती.

इकडे जुन्या बंदरात काय झालं? आज तिथल्या मालात निम्म्याहून जास्त वाटा तेलाचा, आणि तेही बहुतेक समोरच्या जवाहर द्वीपावरून नळाने येतं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया, दोन्ही गोद्या कंटेनर टर्मिनलचं मैदान करण्यासाठी भरून टाकल्या. २००७ चा करार होता तो. कंटेनर काही आले नाहीत, त्या धक्क्यावरून पुढे मोटारी परदेशी जाऊ लागल्या. ज्या हौदासाठी जंगल उकरलं, तो हौद बुजवला. बाबा तेव्हा हयात होते. ऐकून काही बोलले नाहीत, पेपर घडी करून ठेवला.

उरली जमीन. बेटावरच्या मुंबईचा सुमारे आठवा हिस्सा! ही ताकद आता ट्रस्टच्या पायातली बेडीही झाली आहे. शंभर-शंभर वर्षांचे पट्टे, पोटभाडेकरू, त्यांचे पोटभाडेकरू. १९८० च्या दशकात भाडी वाढवली तेव्हा भाडेकरू कोर्टात गेले आणि प्रकरण २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. कोर्टाचं म्हणणं असं, की पोर्ट ट्रस्ट ही सार्वजनिक संस्था आहे, तिने खाजगी घरमालकासारखं नफा ओरबाडू नये, भाडं वाजवी असावं. योग्यच. पण मग वाजवी म्हणजे किती, आणि या जमिनीचं करायचं काय, हे कोण ठरवणार? १९७५ पासून इथे केंद्राचा कायदा लागू झाला, २०२१ मध्ये नवा कायदा येऊन 'ट्रस्ट' जाऊन 'प्राधिकरण' झालं. म्हणजे मालक दिल्लीत. २०१४ मध्ये राणी जाधव समितीने अहवाल दिला, २०१८ मध्ये राज्य सरकारने ट्रस्टलाच त्या जमिनीचं नियोजन प्राधिकरण नेमलं. मोकळी मैदानं, समुद्रकाठचा फेरफटका, सगळं आराखड्यात असतं. पण मैदान केलं तर भाडं बुडतं आणि टॉवर केला तर येतं, आणि बंदराला हजारो निवृत्तांचं पेन्शन द्यायचं आहे. (त्यातलं एक आमच्या आईकडे येतं, तेव्हा मी फार आवाज करत नाही.)

१८७३ चाच प्रश्न आहे तो. तेव्हा ते मंडळ शहराला विचारत नव्हतं, पण त्याचा फायदा आणि शहराचा फायदा एकाच दिशेने जात होते. जहाजं वाढली की गिरण्या वाढायच्या. आता बंदराला जमिनीतून पैसा हवा आहे आणि शहराला श्वास घ्यायला जागा. या दोन गोष्टी एका दिशेने जात नाहीत, आणि विचारायची पद्धत तर तीच जुनी आहे. तिकडे पालघरला वाढवणचं मोठं बंदर होऊ घातलंय, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे. त्यांचं कोणी मंडळावर आहे का, हे मी शोधतोय.

त्या दिवशी काम आटोपल्यावर भाच्याला म्हटलं, ग्रीन गेटपर्यंत चल. फाटकाशी सुरक्षारक्षक उभा होता. वडील इथे कामाला होते, आत जरा बघू का, असं विचारलं. तो बिचारा सज्जन होता, पण पासाशिवाय सोडता येत नाही म्हणाला. भाच्याने भिंतीकडे बघून विचारलं, "मामा, ग्रीन गेट हिरवं का नाही?"